राखलेले गवत

मराठीत ‘लॉन’ला शब्द नाही. हे विधान वर्गात केले की एखादा विद्यार्थी हमखास ‘हिरवळ’ म्हणतो, आणि सार्वजनिक उद्यानांतल्या पाट्याही त्याच्याच बाजूने साक्ष देतात. पण हिरवळ येते. मृगाच्या चार सरी पडल्या की माळावर, बांधावर, पडक्या भिंतीच्या सांदीत ती आपली आपण उगवते आणि दिवाळीनंतर पिवळी पडून जाते. लॉन करावी लागते, आणि एकदा केली की जन्मभर करत राहावी लागते. आपल्याकडे गवताला लागणारी क्रियापदे पाहावीत: गवत उपटतात, खुरपतात, भांगलतात, कापतात आणि राखतात. यांतले ‘राखणे’ आम्हांला फार बोलके वाटते. कुरण राखायचे म्हणजे गुरांना आत जाऊ न देता गवत कमरेएवढे होऊ द्यायचे. दसरा उलटला की विळे लावायचे, भारे बांधायचे, गंजी रचायची. लॉन राखायची म्हणजे नेमके उलट: गवताला वाढू म्हणून द्यायचे नाही. (एकच वनस्पती शेतकऱ्याच्या तोंडी हरळी होते, पूजेच्या ताटात दूर्वा होते आणि बंगल्याच्या आवारात लॉन होते, हा शब्दार्थविचारातला एक सुंदर धडा आहे, पण तो आम्ही दुसऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवतो.)

हा शब्दकीस काढण्याचे कारण तसे व्यावहारिक होते. २०२५ च्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयता पाच आठवडे जर्मनीत, कोलोन शहराच्या एका शांत उपनगरात होतो. आमच्यापैकी एकाचे थोरले बंधू आणि म्हणून दुसरीचे भाऊजी तेथे तीस वर्षांहून अधिक काळ राहतात. वय अडुसष्ट. हिवाळ्यात त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी ढकलण्याची व उचलण्याची कामे कायमची बंद केली. घरामागे सुमारे ४०० चौरस मीटरची बाग. तिच्यातले गवत दर शनिवारी कापायचे हा दादांचा शिरस्ता. तेव्हा आपोआप गवत कापणारा यंत्रमानव घ्यायचा हे ठरलेलेच होते. कोणता, एवढेच ठरायचे होते. “तुम्ही दोघं वाचणारी माणसं,” वहिनी म्हणाल्या, “हे सगळं वाचून काढा आणि सांगा आम्हांला.” आणि समोर माहितीपत्रकांचा ढीग येऊन पडला. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापेक्षा तो नक्कीच सुवाच्य होता.

वाचू लागलो तशी पहिली गंमत इतिहासात सापडली. गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली घेतले. तो ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडचा. हा परगणा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणून झालेल्या कापडावर जी लव उभी राहते ती एकसारखी कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र गिरणीत असे, ते पाहून बडिंगला हे सुचले. म्हणजे लॉन कापणारे यंत्र विळ्याच्या किंवा कोयत्याच्या कुळातले नव्हेच. ते कापडाच्या कातरीच्या कुळातले. शाळकरी निबंधांतल्या ‘हिरव्या गालिच्या’ला आजवर आम्ही तांबड्या शाईने घासून गुळगुळीत झालेली उपमा ठरवत आलो. या यंत्राच्या बाबतीत ती उपमा नसून वंशावळ आहे! बालकवींनी ‘फुलराणी’त गवताला मखमल केले ते मात्र कोणत्याही यंत्राविना, आणि तिथे फरक उरतोच: मखमल पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती, ती कातरायला कोणी जाणार नव्हते.

बडिंगचे यंत्र माणसाला ढकलावे लागे. पुढे त्याला इंजिन आले, वीज आली, पण मागे माणूस राहिलाच. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरशक्तीवर स्वतः हिंडणारे यंत्र बाजारात आणले, आणि तेथून माणूस मागून निघाला तो कायमचा. आज काहीशे युरोपासून काही हजार युरोंपर्यंत अशी कितीतरी यंत्रे मिळतात. दिसायला सारी कासवासारखी. फरक आहे तो त्यांना जमीन कशी कळते याचा.

जुन्या पद्धतीत बागेच्या कडेने एक तार अंथरतात किंवा उथळ पुरतात. यंत्राच्या ठाण्यातून तिच्यात क्षीण विद्युत्संदेश सोडलेला असतो; यंत्र तिच्याजवळ आले की त्याला तिचे चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि ते वळते. किती वळावे याचा नियम नाही. सरळ जायचे, अडले की मनाला येईल त्या कोनात फिरायचे, पुन्हा सरळ जायचे. दिवसचे दिवस असे भटकत राहिले की संभाव्यतेच्या जोरावर सारी बाग पालथी घातली जाते. दुसऱ्या प्रकारात तार नाही. घरावर एक स्थिर अँटेना, यंत्रावर दुसरा, आणि वर उपग्रह. दोन्ही नोंदींच्या तुलनेतून यंत्राला स्वतःची जागा दोनचार सेंटिमीटरच्या अंतराने कळते, त्यामुळे ते नांगराच्या तासासारख्या समांतर ओळी धरून चालते. मात्र त्याला मोकळे आकाश लागते. दाट झाड किंवा उंच भिंत आडवी आली की ते गोंधळते. तिसऱ्याला कॅमेरा असतो. समोर खेळणे आहे की मांजर, गवत कोठे संपते, हे ते पाहून ठरवते, आणि अर्थात पाहायचे तर उजेड हवा. तिघांत एक गोष्ट समान: यंत्र रोज किंवा दिवसाआड हिंडते, काही मिलिमीटरच कापते, आणि ते बारीक कण तेथेच पडून खत होतात. कापलेले गवत असे दिसतच नाही. त्यामुळे कापणीही दिसत नाही.

दादांना उपग्रहाचे यंत्र हवे होते. कारण विचारले तर ते अचूकतेविषयी, बॅटरीविषयी, अभियंत्याच्या भाषेत पुष्कळ बोलले. खरे कारण तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाहेर आले. “अरे, ते ओळी सोडतं,” ते म्हणाले. “कुंपणापलीकडून पाहिलं तर वाटतं, माणसानं कापलंय.”

या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत असे म्हटले तरी चालेल. परक्या देशात पहिली काही वर्षे भाषा तोकडी असते. शेजाऱ्याशी बोलायला विषय नसतो. दादांना तो विषय गवताने दिला. शनिवारी सकाळी यंत्र बाहेर काढले की पलीकडचे वृद्ध गृहस्थही आपले काढत. दोघे कुंपणापाशी थांबत. खत, शेवाळ, पाऊस यांवर चार वाक्ये होत. तीस वर्षांत त्या चार वाक्यांतून एकमेकांची आजारपणे, मुलांची लग्ने, एकाचे वैधुर्य इतके सारे सांगून झाले. आता यंत्र आपोआप हिंडणार, कोणत्याही वारी, कोणाच्याही नकळत. ओळी हव्या होत्या त्या यासाठी. नाटकात पात्र निघून गेल्यावर रंगमंचावर त्याची काठी ठेवावी, तसे हे होते. आम्ही दोघांनीही यावर काही बोलायचे टाळले. दादा भावनेच्या बाबतीत जुन्या वळणाचे आहेत.

वहिनींची बाजू वेगळी होती, आणि ती बाजू कोठीमागच्या पालापाचोळ्यात राहत होती. जर्मन लोक त्याला ईगेल म्हणतात, इंग्रज हेजहॉग. साळिंदराशी याचे नाते नाही, पण अंगावर तसेच, अर्थात आखूड, काटे. तो निशाचर, गोगलगायी आणि किडे खातो, आणि धोका जाणवला की पळत नाही, अंगाची गुंडाळी करून जागच्या जागी बसतो. कोल्ह्यापुढे हा उपाय लाखो वर्षे चालला असेल. पात्यापुढे चालत नाही. युरोपातल्या या प्राण्याला आययूसीएनच्या तांबड्या यादीत २०२४ मध्ये संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत घातले गेले. त्याच वर्षी कोलोन शहराने रात्री असे यंत्र चालवण्यास बंदी केली. रविवारी आणि सणावारी निवासी भागात गवत कापू नये हा २००२ सालचा केंद्रीय नियम आवाजासाठी आहे. ही बंदी जिवासाठी.

इंग्रजी विभागातल्या मित्रांना येथे फिलिप लार्किन आठवेल. हल विद्यापीठाचा हा ग्रंथपाल, एकटा, तुसडा म्हणून ख्यात. १९७९ मध्ये त्याच्या यंत्राच्या पात्यांत एक हेजहॉग सापडून मेला आणि त्याने ‘द मोअर’ ही लहानशी कविता लिहिली. ती आम्ही त्या ढिगातल्या माहितीपत्रकांशेजारी ठेवून पुन्हा वाचली. तिचे सारे बळ एका गोष्टीत आहे, ती अशी की यंत्रामागे माणूस होता. यंत्र अडले, त्याने खाली वाकून पाहिले. मागे कोणीच नसलेल्या यंत्राने तेच केले तर कविता कोण लिहिणार? इंग्रजी काव्यात गवत कापणाऱ्याची परंपरा मोठी आहे. सतराव्या शतकातल्या अँड्र्यू मार्व्हेलने तर त्याच्यावर कवितांची मालिकाच लिहिली. त्या परंपरेतला हा शेवटून दुसरा टप्पा असावा अशी शंका आम्हांला आली.

वहिनींना कविता ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, “बरं, मग कुठलं यंत्र त्याला मारत नाही?”

प्रश्न योग्य होता आणि त्याला उत्तरही होते. सोफी लुंड रासमुसेन या डॅनिश संशोधिकेने सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. आधीच मेलेल्या हेजहॉगांवर १८ प्रकारची यंत्रे सोडून त्यांनी पाहिले. एकाही यंत्राला स्पर्श होण्याआधी प्राणी कळला नाही. २०० ग्रॅमांहून कमी वजनाची पिल्ले तर कोणालाच कळली नाहीत. मात्र इजेत फरक होता: काहींनी ढोसून सोडून दिले, काहींनी कापले. चकतीवर सैल बसवलेली, आपटताच मागे दुमडणारी छोटी पाती, पात्यांखालची संरक्षक तबकडी आणि पुढच्या चाकांनी ओढले जाणे, यांनी इजा कमी होते असे त्यांना दिसले. त्यानंतर कॅमेऱ्याची यंत्रे पुष्कळ सुधारली असल्याचे दुकानदार सांगत होता. दुकानदाराने ते सांगायचेच असते. वहिनींनी त्याला प्रत्येक यंत्र उलटे करून दाखवायला लावले. ग्राहक पाती पाहतात असे त्याला प्रथमच आढळले असावे.

ब्रिटनमध्ये प्लांटलाइफ या संस्थेने २०१९ पासून मे महिनाभर गवत न कापण्याची चळवळ चालवली आहे, जर्मनीतही तिचे अनुकरण होते. वहिनींना मे पुरेसा वाटत नव्हता. बागेचा मागचा तिसरा हिस्सा बारा महिने वाढू द्यावा, त्यात ईगेल राहील, असे त्यांचे म्हणणे. “म्हणजे माळ,” दादा म्हणाले. “म्हणजे कुरण,” वहिनी म्हणाल्या. मराठीच्या प्राध्यापकांनी यात निवाडा देणे अपेक्षित होते. आम्ही दिला नाही.

निवाडा झाडाने दिला. मागच्या बाजूला एक जुने अक्रोडाचे झाड आहे, आणि त्याचा पसारा घराच्या भिंतीला भिडतो. घरी येऊन पाहून गेलेल्या तंत्रज्ञाने मान हलवली: येथे उपग्रह दिसणार नाहीत, यंत्र अर्ध्या बागेत भांबावून उभे राहील. कॅमेऱ्याच्या यंत्रांपैकी वहिनींना हवी तशी पाती असलेले यंत्र दादांच्या अंदाजपत्रकात बसत नव्हते. उरली तार. सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त, ओळी न सोडणारी पद्धत. दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आलेखाचा कागद काढला आणि बागेचा नकाशा आखू लागले.

कारण तारेत एक गुण असतो, तो आम्हांला वाचताना ध्यानात आला नव्हता. उपग्रहाची सीमा फोनच्या पडद्यावर बोटाने आखतात. तार जमिनीवर घालावी लागते. ती कोठून जाणार हे घरातल्या माणसांनी उभे राहून, हातवारे करून ठरवावे लागते. मागचा हिस्सा तारेबाहेर राहील हे दादांनी मान्य केले, पण अक्रोडापर्यंत नव्हे, त्याच्या अलीकडे दोन पावले. वहिनींनी एक पाऊल परत मिळवले. यंत्राची वेळ सकाळी १० ते दुपारी ५, रविवार वर्ज्य. दादांना वाकायला मनाई, म्हणून गुडघे टेकून खुंट्या ठोकायचे काम आमच्याकडे आले. दादा काठीने जागा दाखवत मागून चालत होते. (‘लक्ष्मणरेषा’ हा शब्द आम्ही दोघांनीही कटाक्षाने उच्चारला नाही. तो वहिनींनी उच्चारला.)

शेजारच्या कुंपणाशी आलो. अशा यंत्रांची पाती अंगाच्या आत, मधोमध असतात. त्यामुळे भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेची पट्टी कापायची राहून जाते, ती हाताने कातरावी लागते. लांब दांड्याची, उभ्याने चालवायची कातर त्यासाठी मिळते, आणि ती चालवायला दादांच्या डॉक्टरांची हरकत नव्हती. सूचनापुस्तिकेत कुंपणापासून ३० सेंटिमीटर अंतर सांगितले होते. आम्ही मोजपट्टी लावली.

“चाळीस घे,” दादा मागून म्हणाले.

आम्ही वर पाहिले.

“या बाजूला चाळीस. पलीकडे तीसच ठेव.”