नागपूरची महासभा आणि आमची मंडळी

इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या महासभेस फार तर एक ओळ मिळते. अमुक साली, अमुक नगरी, अमुक ठराव झाला, एवढे छापले की ग्रंथकाराचे काम संपते. परंतु त्या ओळीच्या मागे किती खेड्यांतील किती रात्रींची बोलणी असतात, किती ठिकाणी मूठमूठ धान्य जमवून गाडीभाड्याची तजवीज होते, हे पुस्तकात येत नाही. अशाच एका ओळीच्या मागची थोडी हकीकत आम्ही आमच्या बालवाचकांपुढे ठेवीत आहो. ती ओळ अशी: दिनांक 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारतीय मंडळी, स्थापन झाली.

आमचे गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अंगाला. माणदेश म्हणजे माळ, मेंढरे आणि आभाळाकडे लागलेले डोळे. माणगंगा नावाची नदी आहे खरी, पण वर्षातील बहुतेक महिने तिचे वाळूचे पात्र तेवढे दिसते. या गावी आमची विसाबावीस घरांची मंडळी होती. उपासनामंदिर म्हणजे दगडी भिंतींची, पत्र्याची एक खोली. तीच आठवडाभर बालवाडी. आमचे पाळकसाहेब तीस वर्षांहून अधिक काळ या मंडळीची सेवा करीत होते. आमच्या पिढीतील प्रत्येकाचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा, आमच्या आईबापांची लग्ने त्यांनी लावलेली, आणि माळावरच्या थडग्यांपैकी बहुतेकांवर अखेरची प्रार्थनाही त्यांचीच.

ऐक्याची बोलणी काही एका दिवसात झाली नव्हती. 1929 साली लखनौ येथे पहिली बैठक भरली, 1951 पासून वाटाघाटी नेटाने सुरू झाल्या, आणि योजनेचे पुस्तक पुनःपुन्हा सुधारीत 1965 साली चौथ्या आवृत्तीस पोहोचले. दक्षिणेतील मंडळ्यांनी तर 27 सप्टेंबर 1947 रोजीच मद्रास येथे आपले ऐक्य साधले होते. उत्तरेस मात्र गाठी अधिक होत्या. येथे अँग्लिकन होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट होते, बाप्तिस्त, ब्रदरन आणि डिसायपल्स होते. आणि प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून 1924 साली झालेली संयुक्त मंडळी होती, जिच्यात आम्ही मोडत होतो. कोणाकडे बिशप, कोणाकडे वडीलमंडळींची पंचायत. कोणी तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करणार, तर कोणी म्हणणार की विश्वास धरण्याइतके वय झाल्याखेरीज पाण्यास हात लावू नये.

योजनेचे पुस्तक आमच्या गावी इंग्रजीत आले. सांगलीच्या बाजूस नोकरी करून निवृत्त झालेले एक गुरुजी मंडळीत होते. त्यांनी दर बुधवारी प्रार्थनासभेनंतर कंदिलाच्या उजेडात त्यातील दोनदोन पाने मराठीत सांगावी आणि मंडळीने प्रश्न विचारावे, असा क्रम हिवाळाभर चालला. आम्ही त्या वेळी शालेय शिक्षण संपवून नुकतेच घरी आलो होतो. प्रश्न लिहून घेण्याचे काम आमच्याकडे असे.

प्रश्न साधे असत, पण गुरुजींस घाम फोडीत. मंडळीतील सर्वांत वृद्ध आजी, ज्यांनी प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला होता, त्यांनी पहिल्याच बुधवारी विचारले, “गुरुजी, मला पुन्यांदा पान्यात बुडवनार हाईत का? नाय, बुडवा बापडे, पर माणगंगंत पानी कुठं हाय?” सर्वजण हसले. परंतु आजींचा प्रश्न थट्टेचा नव्हता. पूर्वी घडले ते खरे मानले जाणार की नाही, हे त्यांस जाणून घ्यावयाचे होते. गुरुजींनी पान काढून दाखविले: दोन्ही रीती नव्या मंडळीत चालतील आणि ज्याचा बाप्तिस्मा एकदा झाला त्याचा पुन्हा करावयाचा नाही. आजींचे समाधान झाले.

दुसरा प्रश्न असा सुटण्यासारखा नव्हता. योजनेत असे होते की, ऐक्याच्या वेळी निरनिराळ्या मंडळ्यांच्या पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी, म्हणजे सर्वांची सेवा एक होईल. प्रथम महासभेत काही प्रतिनिधींनी हे करावयाचे आणि मग ज्याच्या त्याच्या प्रांतात बाकीच्यांनी. हे वाचून होताच एक वडील उठून उभे राहिले. स्वभावाने ते तापट, पण सरळ. ते म्हणाले, “पाळकसाहेबांवर दीक्षेच्या वेळी एकदा हात ठेवलेले आहेत. आता पुन्हा ठेवायचे, म्हणजे तीस वर्षे ते कच्चे पाळक होते की काय? मग आमची लग्नेही कच्ची, आणि आमची पोरेही!”

खोलीत कोणी बोलेना. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि उपसंहाराची प्रार्थना करून सभा संपविली. त्यानंतर कित्येक बुधवार हा विषय निघाला की ते असेच गप्प राहत. योजनेत उत्तर नव्हते असे नाही. कोणाची पूर्वीची दीक्षा खोटी असे कोणी म्हणत नाही, ज्याला जे उणे असेल ते देव देईल, अशा अर्थाची ती प्रार्थना होती. गुरुजींनी ती दोनदा समजावून सांगितली. परंतु ‘ज्याला जे उणे असेल’ हे शब्दच त्या वडिलांस बोचले. आम्हांस आजही वाटते की त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. विद्वानांनी सर्वांस मान्य व्हावे म्हणून योजलेला मोघम शब्द साध्या माणसाच्या कानी संशयासारखा पडतो.

अखेर मंडळीने ऐक्यास अनुकूल मत दिले. त्या वडिलांनी हात वर केला नाही, पण विरुद्धही केला नाही.

नागपूरच्या सोहळ्यास पाळकसाहेबांनी जावे असे ठरले. ते प्रतिनिधी नव्हते. मंडळीच्या वतीने पाहून यावे, एवढेच त्यांचे काम. दृष्टी मंद झाल्यामुळे सोबतीस आम्हांस देण्यात आले. दर घरातून बाजरी, मटकी, कोंबडीची अंडी असे जमून म्हसवडच्या बाजारात विकले गेले आणि दोघांच्या तिसऱ्या वर्गाच्या भाड्याची सोय झाली. पाळकसाहेबांचा बंद गळ्याचा पांढरा कोट तांब्यात निखारे घालून इस्त्री केला गेला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक घोंगडी बरोबर घेतली. त्या तापट वडिलांनी निघण्याच्या आदल्या रात्री गुपचूप पाच रुपये आणून दिले. “तिकडं उपाशी राहू नका,” एवढेच बोलून ते गेले.

योगायोग असा की मार्गशीर्ष प्रतिपदेला म्हसवडास सिद्धनाथाचा रथ निघतो, आणि त्या वर्षी ती यात्रा व आमची महासभा अगदी एकाच वेळी आली. शेजारचे पाटील यात्रेस गाडी जुंपून निघाले होते. त्यांनीच आमची ट्रंक गाडीत घेतली व एस.टी.च्या थांब्यावर उतरवून दिली. “तुमचा रथ लांब निघाला, पाळकसाहेब,” असे ते हसून म्हणाले. सर्व रस्ता म्हसवडकडे येणाऱ्या गाड्यांनी भरलेला, आणि आमची एस.टी. मात्र जवळजवळ रिकामी, पिलीववरून पंढरपूरकडे चाललेली.

पंढरपुराहून कुर्डुवाडीपर्यंत त्या काळी अरुंद रुळांची छोटी गाडी होती. लोक तिला अजून जुन्या कंपनीच्या नावाने बार्शी लाईट म्हणत. आजच्या मुलांस ती पाहावयास मिळणार नाही. या शतकाच्या आरंभी तो मार्ग रुंद झाला. कुर्डुवाडीस मोठी गाडी, दौंडला बदल, तेथून अहमदनगरवरून मनमाड, मनमाडला पुन्हा बदल, आणि भुसावळ, अकोला करीत नागपूर. दोन रात्री बसून काढल्या. वऱ्हाडात कापसाच्या गाड्या पाहून पाळकसाहेब म्हणाले, “जमीन काळी असली की माणसाला किती लवकर हसू येते पाहा.” सबंध प्रवासात ते योजनेविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

रविवारचा दिवस होता, आणि ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे आगमनकाळाचा पहिला रविवार. ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात मोठा मांडव घातला होता. आम्ही माणदेशी माणसांनी एवढे ख्रिस्ती लोक एके ठिकाणी कधी पाहिले नव्हते. पंजाबी पगड्या, बंगाली धोतरे, छोटा नागपूरच्या स्त्रियांच्या लाल काठाच्या साड्या. हिंदी व इंग्रजी बोलणे चालले होते, त्यातील निम्मे आम्हांस कळले आणि त्याच्या निम्मे आम्ही पाळकसाहेबांच्या कानात मराठीत सांगितले. सहाही मंडळ्यांचे ऐक्य जाहीर झाले. सातवी यावयाची होती. दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळीने त्याच वर्षी आयत्या वेळी माघार घेतली होती, आणि त्याची हळहळ मांडवात सर्वत्र ऐकू येत होती.

मग तो हात ठेवण्याचा विधी आला. आम्ही पाहिले ते सांगत होतो: “आता अमुक मंडळीचे पाळक पुढे आले. आता त्यांच्या डोक्यावर हात ठेवीत आहेत.” पाळकसाहेबांनी मध्येच आमचे मनगट धरले. “बिशपांचे काय?” आम्ही मान उंच करून पाहिले. ज्यांच्याकडे शतकानुशतके बिशपांची परंपरा चालत आली त्या अँग्लिकन मंडळीच्या माणसांनीही डोकी लवविली होती, आणि ज्यांच्याकडे बिशप कधी नव्हता अशा मंडळ्यांचे पाळक त्यांच्यावर हात ठेवीत होते. आम्ही तसे सांगितले. “नीट पाहिलेस?” “होय, पाळकसाहेब.” “पुन्हा पाहा.” आम्ही पुन्हा पाहिले व पुन्हा तेच सांगितले. त्यांनी मनगट सोडले.

परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत एक सोबती मिळाला. मूळचा रांचीकडचा, रेल्वेत नोकरीस, पंथाने लूथरन. त्याने हिंदीत विचारले की आपण कोठून आलात, आणि कळल्यावर मनापासून अभिनंदन केले. लूथरन मंडळ्या या ऐक्यात आल्या नव्हत्या. आम्ही तरुणपणाच्या उतावळेपणाने कारण विचारले. तो मुळीच रागावला नाही. बर्लिनच्या गॉसनर यांनी पाठविलेले मिशनरी 1845 साली रांचीस आले आणि 1919 साली तेथील मंडळी स्वायत्त झाली, हे त्याने अभिमानाने सांगितले. हिंदुस्थानातील लूथरन मंडळ्यांचा आपला एक संघ 1926 पासून आहे. त्याच्याही अशाच सभा भरतात, त्यांनाही गावोगावची माणसे अशीच डबे बांधून जातात. “आमच्याकडे आधी श्रद्धा कशावर आहे ते कागदावर एक झाले पाहिजे, मग व्यवस्था,” असे तो म्हणाला. 1530 सालची आउग्सबुर्गची कबुली त्याच्या मंडळीत लहान मुलेही जाणतात, असे त्याचे म्हणणे. बाहेर राहिलेला माणूस ऐक्याचा वैरी असतो असे आम्ही समजून चाललो होतो. त्याच्या डब्यातील लोणचे खाताना तसे समजणे कठीण झाले. पुढे 1975 साली त्यांच्या संघानेही ‘संयुक्त’ हे नाव घेतले, तेव्हा आम्हांस त्या सोबत्याची आठवण झाली.

गावी पोहोचलो त्या रात्री सर्व मंडळी खोलीत जमली. आम्ही टिपणे वाचून दाखविली. ते तापट वडील दाराशी बसले होते. टिपणे संपल्यावर पाळकसाहेब उभे राहिले आणि त्या विषयावर प्रथमच बोलले. ते म्हणाले, “मला वाटत होते की आपल्यालाच डोके वाकवायला सांगताहेत. तिथे सगळ्यांनी वाकवले. आपल्या प्रांतात पाळी येईल तेव्हा मी जाईन.” वडिलांनी विचारले, “आणि आमची लग्ने?” पाळकसाहेब म्हणाले, “ती पक्की आहेत. तुमच्या बायकोला विचारा.”

पाळी आली तेव्हा ते गेले. वडील त्यांच्याबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. सर्वत्र असे गोडीने झाले नाही, हे सांगितले पाहिजे. काही ठिकाणी मंदिरांच्या व जमिनींच्या मालकीवरून वाद पेटले आणि ते न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. आमच्या मंडळीपाशी वाद घालण्याजोगी जमीन नव्हती, हेही आमच्या शांततेचे एक कारण असावे.

दारावरची पाटी बदलावयाची तेवढी राहिली. रंगाऱ्याने विचारले, “उत्तर भारतीय? हे गाव उत्तरेत कधी गेलं?” त्यावर गुरुजींनी त्यास नकाशा काढून समजावले की दक्षिणेतील चार राज्ये सोडून बाकीचा सर्व देश या नावात आला आहे. रंगाऱ्यास ते पटले नाही, पण त्याने अक्षरे चांगली काढली.

नागपुराहून आम्ही डझनभर संत्री आणली होती. घरटी अर्धे अर्धे वाटले. आजींनी आपला वाटा हातात फिरवून पाहिला, नागपुरात पाणी भरपूर असते काय असे विचारले, आणि आम्ही होय म्हणताच मान डोलावून एकेक फोड तोंडात टाकू लागल्या.