गाणी आली, नावे मागे राहिली

धर्मगुरूच्या बदलीचे सामान फार नसते. दोन पेट्या, पुस्तकांची काही खोकी, एक क्रूसमूर्ती आणि आमच्या बाबतीत एक जुनी हार्मोनियम, एवढ्यावर आमचा संसार उरकतो. जळगाव जिल्ह्यातील धर्मग्रामातून आमची धुळ्याला बदली झाली, तेव्हा या सामानात आणखी एक वस्तू होती. ती तळहातावर मावत होती आणि तीत ३८६ गाणी होती.

ही गाणी बाजारात मिळणारी नव्हेत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनाविधीत लोकभाषेला दार उघडले आणि मराठी प्रवेशगीतांचा, अर्पणगीतांचा ओघ सुरू झाला. खानदेशात त्या ओघाला अहिराणीचा ओढा येऊन मिळाला. कापूस वेचताना, केळीच्या बागेत, हळदीच्या मांडवात आमच्या आयाबहिणी प्रभूची आणि मरियामातेची गाणी रचू लागल्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेव आणि एका आप्ताने लिहून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले. आमच्या आयाबहिणींच्या वाट्याला वही आली नाही, कॅसेट आली. आमच्या आधीच्या एका धर्मगुरूंनी १९८० नंतरच्या दशकात खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून गावोगावी ही गाणी मुद्रित केली होती. पुढे फिती चिकटू लागल्या, तेव्हा २००४ साली युवक संघातील एका तरुणाने त्या संगणकावर उतरवल्या आणि प्रत्येक गाण्याला नाव, गायिका, गाव अशी चिठ्ठी जोडली.

धुळ्यास आल्यावर पहिल्याच वर्षी, पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यात, एक बाई भेटीस आल्या. माहेर आमच्या जुन्या धर्मग्रामातले, सासर धुळ्याचे. लेकीचे लग्न ठरले होते. आई दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेलेली. काना गावच्या लग्नावर आईने रचलेले हळदीचे गाणे पूर्वी कॅसेटवर घेतले होते, हे त्यांना ठाऊक होते.

"फादर, मन्ही मायनं गानं तुमनाजोडे शे ना?" त्यांनी विचारले.

"आहे, ताई. उद्या या, ऐकवतो," आम्ही मोठ्या विश्वासाने म्हणालो.

तो विश्वास रात्री नऊ वाजेपर्यंतच टिकला. नव्या लॅपटॉपवर, नव्या संगीतप्रणालीत सगळा संग्रह आम्ही नुकताच हलवला होता. तो उघडला तर गाणी ३८६च होती. एकही कमी नव्हते. पण नावांच्या जागी रोमन अक्षरे, टोपीवाले स्वर आणि प्रश्नचिन्हे यांचा चिखल झाला होता. आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ, विवाह अशा ज्या याद्या आम्ही वर्षानुवर्षे लावल्या होत्या, त्या सर्व रिकाम्या. आवडत्या गाण्यांना दिलेले तारे मावळलेले. आणि बहुतेक प्रत्येक गाण्यापुढे संगीताचा प्रकार म्हणून 'ब्लूज' असे लिहिलेले!

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आम्ही त्यांना खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पदराने चष्मा पुसत एवढेच म्हणाल्या, "सापडेल फादर, घाई नाही." लग्नाला पाच आठवडे उरले होते.

मग या बिघाडाचे मूळ शोधणे आले. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, संगणक शिकलो नाही. तरी गायकवृंदातील मुलांना हाताशी धरून जे उमगले ते असे. एमपी३ फाइलमध्ये सुरांबरोबरच एक चिठ्ठी ठेवता येते. आयडी३ हे तिचे नाव. १९९६ साली निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत ही चिठ्ठी फाइलच्या अगदी शेवटी बसते आणि तिला १२८ बाइटची जागा असते. टॅग या शब्दाच्या तीन रोमन अक्षरांना ३, शीर्षक, गायक आणि संच यांना प्रत्येकी ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला १. प्रकार शब्दात नव्हे, आकड्यात लिहायचा. मूळ यादीत ० ते ७९ असे ऐंशी प्रकार होते. त्यांत ना ओवी, ना भजन. आणि शून्याचा अर्थ ब्लूज. आमच्या तरुणाच्या हातून तो रकाना शून्यच राहिला आणि खानदेशची माउली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या शोकगीतांत जाऊन बसली. आम्हाला हसू आले, पण ती संगत काही वाईट नव्हे.

नावांचा चिखल का झाला, याचे कारण निराळे होते. त्या काळी आमच्याकडील मराठी टंकलेखन म्हणजे फाँटची करामत होती. संगणकाच्या लेखी सगळी रोमन चिन्हेच. त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. नव्या यंत्रावर तो मुखवटा नव्हता, म्हणून आतला चेहरा उघडा पडला. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून तो आहे. पण तो आमच्या गावांपर्यंत पोहोचायला वेळ लागला. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठी भाषेत, पण रोमन लिपीत छापले गेले. पुढे ते देवनागरीत आणता आले, याचे कारण कोणते रोमन अक्षर कोणत्या मराठी ध्वनीसाठी योजले आहे, हे जाणणारी माणसे होती. आम्हालाही तेच करायचे होते: जुन्या फाँटचे कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता लावून नावे युनिकोडमध्ये आणायची. तसे करून देणारी साधने आहेत आणि एमपी३टॅगसारख्या प्रणालीत शेकडो चिठ्ठ्या एकदम दुरुस्तही करता येतात.

याद्या आणि तारे मात्र परत आले नाहीत. ते गाण्यांच्या आत कधी नव्हतेच. जुन्या प्रणालीने ते स्वतःच्या खातेवहीत ठेवले होते आणि ती वही जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली. ज्या थोड्या याद्या वेगळ्या जतन केल्या होत्या, त्यांत प्रत्येक गाण्याचा जुना पत्ता होता: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर कोण भेटणार?

सर्वांत मोठा घात मात्र आमच्याच हातून झाला होता. नव्या प्रणालीने पहिल्या दिवशी विचारले होते, 'गाण्यांची माहिती इंटरनेटवरून आणून भरू काय?' आम्ही न वाचताच 'होय' म्हटले. साठेक गाण्यांची मूळ चिठ्ठी पुसून तिच्या जागी परदेशी गायकांची नावे आली. काना गावचे गाणे त्या साठांत होते.

धुळे हे शहर अशा बाबतीत शिकवण्यासारखे आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागदपत्रे गोळा करीत. १९२६ साली त्यांचे येथेच निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथेच उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडे जपली आहेत. जुन्या पोथीच्या शेवटी नक्कल करणारा पुष्कळदा लिहून ठेवतो: कोणी लिहिली, कोठे, कोणत्या शकात. शेवटचे पान गळाले की ग्रंथ राहतो, पण त्याचा धनी हरवतो. आमच्याही गाण्यांचे शेवटचे पान आम्ही फाडले होते.

तारण झाले ते तीन सीडींमुळे. २००६ साली त्याच तरुणाने संग्रहाची एक प्रत काढून दिली होती. ती आमच्या पेटीत, झग्याच्या घडीखाली, कोणी हात न लावता पडून होती. मुलांनी ती उघडली, अक्षरांचा तक्ता लावला आणि एका फाइलच्या शेऱ्यात उमटले: त्या माउलीचे नाव, पुढे 'हळद', पुढे गावाच्या नावाचे पहिले अक्षर. तिथे तिसावी जागा संपली होती. गाव कापले गेले, पण माय सापडली.

त्या रात्री आम्हाला स्नानसंस्काराची नोंदवही आठवली. धर्मसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतील कलम ५३५ सांगते की दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची टिपणे स्नानसंस्काराच्या मूळ नोंदीपाशीच करावीत. माणूस जळगावी जन्मो, धुळ्यास लग्न करो की मुंबईत राहो, त्याची खूण एका ठिकाणी, त्याच्या नावाशी बांधलेली असते. धर्मगुरू बदलतात, वही राहते. एवढी शहाणी पद्धत हाताशी असताना आम्ही गाण्यांची नावे एका यंत्राच्या खात्यावर आणि आमच्या स्मरणावर सोडली होती! आणि गाण्यांचीच का? कोणत्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचा भावाशी अबोला आहे, कोणाला मिस्सा संपल्यावर थांबून बोलायचे असते, हे सारे आम्ही जळगाव जिल्ह्यातून निघताना डोक्यात घेऊन आलो. नव्या धर्मगुरूंच्या हाती आम्ही किल्ल्या दिल्या आणि हिशेब दिला. माणसे दिली नाहीत.

आता प्रत्येक गाण्याची चिठ्ठी देवनागरीत, फाइलच्या आतच लिहिली आहे. एक प्रत कोणीही हात लावायचा नाही म्हणून वेगळी ठेवली आहे आणि सगळी यादी कागदावर छापून नोंदवह्यांच्या कपाटात लावली आहे. सीडीवरही नाव नसलेली ४१ गाणी निघाली. त्यांसाठी जुन्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना विनंती केली. महिन्यातून एका रविवारी मिस्सा झाल्यावर तेथे चहा होतो, ध्वनिक्षेपकावर गाणे लागते आणि म्हाताऱ्या माना तिरप्या होतात. एका आजोबांनी आपलाच तिशीतला आवाज ओळखला आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत. आजवर २७ गाण्यांना नावे मिळाली. १४ उरली आहेत.

हळदीच्या दिवशी आम्ही थोडे उशिरा पोहोचलो. मांडवात गाणे सुरू होते. आजीचा आवाज खरखरत होता. मागे कुठे तरी एक शेळी ओरडत होती, तीही कॅसेटवर आलेली. नवरी मुलगी हळदीच्या हातांनी आईला विचारत होती, "हाई आजीच ना?" बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या कडव्यापासून आईच्या आवाजात आपला आवाज मिळवला.

परत आल्यावर आम्ही एक कोरी वही काढली. पुढच्या धर्मगुरूंसाठी धुळ्यातील घरांची नावे आम्ही तीत लिहायला घेतली आहेत.