परत न करायच्या पैशाचा हिशेब

सातपुड्यातल्या रानपिंगळ्यासाठी आमच्या छोट्या संस्थेला आजवर जो निधी मिळाला, त्याचं श्रेय लोक मला देतात. ते खरं म्हणजे नानांचं आहे. नाना पक्षी-अभ्यासक नव्हते. चोपडा तालुक्यात विकास सोसायट्यांचे गटसचिव म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. सातबारा, आठ-अ, जामीनदार, कमाल मर्यादा पत्रक, वसुलीच्या याद्या हेच त्यांचं जग. मी वनस्पतिशास्त्र शिकून परतले तेव्हा माझ्याजवळ दुर्बीण होती, टिपणांच्या वह्या होत्या आणि मनात कळकळ होती. कळकळीचा अर्ज कसा करायचा, हे मला नानांनी शिकवलं.

रानपिंगळा म्हणजे खानदेशाची खरी ठेव. या घुबडाचा पहिला नमुना 1872 मध्ये मध्य भारतात ब्लेविट या अधिकाऱ्याला मिळाला आणि पुढच्याच वर्षी पक्षी-अभ्यासक ह्यूमने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तळोदा-शहाद्याच्या परिसरात काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले अवघे सात नमुने. मग 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याची नोंद मायनर्त्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने केली आणि तिच्यावर विश्वास ठेवून डिलन रिप्ली आणि सालिम अली यांच्यासारख्या मातब्बर अभ्यासकांनीही तिकडे शोध घेतला. पक्षी सापडला नाही. ती नोंद खोटी होती. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच नमुना पळवून, तो नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी हे ओळखलं, मांडवी बाजूला ठेवली आणि डेव्हिडसनच्या जुन्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला. नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढच्या वर्षी.

ही हकीकत मी नानांना सांगितली, तेव्हा त्यांनी पक्ष्याचा रंग विचारला नाही. त्यांना त्या चिठ्ठीचं वाईट वाटलं. "खोटी नोंद करनारा निंघी जास, पन मांगला लोके भटकत ऱ्हातस," ते म्हणाले. खोट्या पीकपाहणीवर कर्ज उचललेल्या घरांची पुढे काय गत होते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या अर्जाचा पाया त्याच दिवशी ठरला. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि ते कोणी, कधी, कुठल्या शिवारात पाहिलं तेही लिहायचं.

अर्जाची सुरुवात मी पक्ष्याच्या दुर्मीळपणापासून केली होती आणि शेवटी एक मोठी रक्कम टाकली होती. नानांनी ते वाचून कागद उलटा ठेवला. "तुले कितला पैसा लागतीन ते मंग सांग. पहिले काय करशी ते सांग." मग त्यांनी माझ्याकडून वर्षाचं कॅलेंडर मांडून घेतलं. रानपिंगळ्याची वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळातली. दिवाळीनंतर साग विरळ होऊ लागतो आणि दिवसाढवळ्या शिकार करणारा हा पक्षी उघड्या फांदीवर दिसू लागतो. त्याच सुमाराला वनखात्याची जाळरेषांची कामं निघतात आणि उन्हाळ्यात वणवे लागतात. निधीचा पहिला हप्ता जूनमध्ये हातात आला तर पावसाळा पूर्वतयारीत घालवावा लागणार, आणि जानेवारीत आला तर अर्धी वीण हातची जाणार. शिवाय यावल अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तो कागद नागपूरहून येतो. पेरणीआधी पीककर्ज हातात पडलं नाही तर त्याचा उपयोग नाही, हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्यालाच हे वेळापत्रक इतकं चटकन समजलं.

पहिला अर्ज नाकारला गेला. आमचं क्षेत्र त्या संस्थेच्या प्राधान्यात बसत नव्हतं. जैवविविधतेचा मोठा निधी पश्चिम घाटाकडे जातो. 2012 मध्ये त्यातली 39 ठिकाणं जागतिक वारसा यादीत आली आणि आपली कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही नावं सर्वतोमुखी झाली. पण पश्चिम घाट तापीच्या दक्षिणेला सुरू होतो आणि आमचा सातपुडा तापीच्या उत्तरेला उभा आहे. नदी ओलांडली की नकाशाचा रंगच बदलतो. मी खचले होते. नाना म्हणाले, पात्रतेत नसलेल्या खातेदाराला कर्ज मिळवून देता येत नाही, तसाच पात्र खातेदार सोडूनही देता येत नाही. आपल्याला पात्र ठरवणारी योजना शोधायची. नियमांची पुस्तिका ते अर्जाच्या आधी वाचत आणि शेवटच्या पानापासून वाचत, कारण अटी तिथे असतात.

मधल्या काळात ते मला साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला घेऊन गेले. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथलं सुमारे 445 हेक्टर जंगल राखलं आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे नियम गावाने स्वतः केले आणि स्वतः पाळले. उघडा डोंगर भरला, विहिरींना पाणी आलं, रानभाज्या परतल्या आणि त्यांचा उत्सवही गाव भरवू लागलं. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला नाना फार आठवले. आम्ही गेलो होतो त्या दिवशी बारीपाड्याच्या जंगलातून चालताना त्यांनी मला लोकवाटा समजावून सांगितला. अर्जातला लोकवाट्याचा रकाना आम्ही सगळे शेवटी घाईने भरतो. बारीपाड्यात तो रकाना आधी भरला गेला होता, वर्षानुवर्षांच्या राखणीने. बाहेरचा पैसा अशा ठिकाणी टिकतो, कारण तो संपला तरी काम थांबत नाही.

माझं दुसरं मोठं ऋण आहे ते सातपुड्यातल्या एका पावरा दादांचं. रोहन आणि मोईच्या जुन्या झाडांतल्या ढोल्या त्यांना तोंडपाठ. रानपिंगळा अशाच ढोलीत घर करतो. पुढच्या अर्जात घरट्यांचे अक्षांश-रेखांश मागितले होते. दादा म्हणाले, झाड दाखवतो, पण कागदावर नको. घुबडाला जादूटोण्यासाठी पकडणारे लोक आहेत आणि कागद कुठवर जाईल ते कोणी सांगावं. खरं लिहायचं आणि झाडही वाचवायचं, हे कसं जमवायचं? नानांनी वाट काढली. आम्ही फक्त नियतक्षेत्राचं नाव लिहिलं आणि नेमकी जागा का देत नाही, हेही त्याच पानावर कारणासकट लिहिलं. निधी देणाऱ्यांनी ते मान्य केलं.

अंदाजपत्रक करताना मात्र नाना माझ्यावर रागावले. दादांच्या नावापुढे मी प्रवासखर्च आणि चहापाणी एवढंच धरलं होतं. तेव्हाची रीत तशीच होती. "माहिती देनाराले चहा आन् लिखनाराले पगार, आसा हिशेब माले मांडता येस नही," ते म्हणाले. दादांचं नाव प्रकल्पाच्या चमूत गेलं, त्यांना दरमहा मानधन ठरलं आणि आमच्या अहवालावर त्यांचंही नाव लागलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक अर्जात हा नियम आहे.

निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी पेढे घेऊन गेले. नानांनी पेढा घेतला आणि कोरी कीर्द पुढे केली. त्यांचं म्हणणं मी आजही रोज आठवते: कर्ज परत केलं की माणूस मोकळा होतो, अनुदान परत करायचं नसतं म्हणून त्यातून मोकळं होता येत नाही. त्याचा हिशेब कर्जापेक्षा कडक ठेवायचा. व्हाउचरवर सही, मजुरीला मस्टर, बँकेचा मेळ महिन्याच्या महिन्याला. विनियोग प्रमाणपत्रासाठी सनदी लेखापालांकडे गेलो, तेव्हा त्यांना एकही कागद पुन्हा मागावा लागला नाही.

नाना गेल्यानंतर निधीचं जग बरंच बदललं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेतलेल्या मोठ्या संस्थेला ती छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासनावरचा खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आमच्यासारख्यांना आता कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे वळावं लागतं. 2013च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यासाठी द्यावे लागतात, त्यात पर्यावरणही येतं. तिथे बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, झाडं किती लावणार? रानपिंगळ्याला नवी रोपं नकोत, ढोली असलेलं म्हातारं झाड हवं. उभं असलेलं झाड उभं ठेवणं हे काम आकड्यात कसं दाखवायचं? नानांनी शिकवलेल्या रीतीने मी ते दाखवते. ढोलीच्या झाडांची यादी, वणव्यानंतर त्यातली किती उरली, किती ढोल्यांत हालचाल दिसली, पाहणारा कोण. आकडा लहान असतो, पण खरा असतो, आणि खऱ्या आकड्यावर पैसे देणारी माणसं मला भेटली आहेत. 2018 मध्ये रानपिंगळा अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आला, तोही ठिकठिकाणच्या अशाच नोंदी जमत गेल्यामुळे.

जैवविविधता कायद्याप्रमाणे आज गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. गावाला जंगल माहीत आहे, पण ते ठरावात, अंदाजपत्रकात आणि कीर्दीत मांडणारा माणूस अनेक ठिकाणी नाही. जळगाव-धुळ्यात निवृत्त गटसचिव, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले रोखपाल कितीतरी आहेत. त्यांनी जवळच्या एका समितीचं दप्तर वर्षभर सांभाळावं, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. पक्षी ओळखता आले नाहीत तरी चालेल. नानांनाही येत नव्हते.