केस परत येतात, श्रेय कुणाचे?

2018 च्या पावसाळ्यात छत्तीसगडमधील भिलाई शहरात डेंग्यूची मोठी साथ आली. दाट वस्त्यांत तापाचे रुग्ण वाढले आणि अनेकांचे प्राणही गेले. अशा साथीला एक शेपूट असते, त्याची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात होत नाही. ताप उतरतो, प्लेटलेट पूर्ववत होतात, घर सावरते. आणि दोन-तीन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. त्याचा संबंध श्रावणातल्या तापाशी असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसते. तेल बदलले जाते, शांपू बदलला जातो, नळाच्या पाण्याला दोष दिला जातो.

या विलंबाचे कारण केसाच्या जीवनक्रमात आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील 85 ते 90 टक्के कोणत्याही क्षणी वाढीच्या टप्प्यात असतात. हा टप्पा काही वर्षे चालतो. उरलेले विश्रांतीच्या टप्प्यात असतात. तीनेक महिन्यांची विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच केशकूपातून नवा उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नव्हे. मात्र तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांचा धक्का बसला की वाढणारे असंख्य केस एकदमच विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. वैद्यकात याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. यात केशकूप मरत नाही. मूळ कारण गेले असेल तर बहुतेकांचे केस पुढील सहा महिन्यांच्या आसपास आपोआप परततात.

नेमक्या याच सहा महिन्यांत उपचारांचा बाजार उभा आहे. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. ओंजळभर केस हातात आल्यावर ती घाबरते. आई लग्नाची काळजी बोलून दाखवते. जाहिरात पाहून कुटुंब क्लिनिकमध्ये जाते. महिन्याला एक अशा पीआरपीच्या चार बैठका ठरतात. दंडातून रक्त घ्यायचे, ते यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेटने समृद्ध असा भाग वेगळा करायचा आणि टाळूत टोचायचा. चौथ्या बैठकीपर्यंत कपाळाच्या कडेला बारीक नवे केस दिसू लागतात. कुटुंब समाधानी, क्लिनिकही समाधानी. ते केस टोचल्यामुळे आले की येणारच होते, हे एका डोक्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी उपचार न मिळालेला तुलनागट लागतो. इथे कुणी खोटे बोलत असते असेही नाही, आणि म्हणूनच हा गैरसमज इतका टिकाऊ आहे.

अशा तुलनेच्या चाचण्यांतून पार पडलेले उपचार थोडे आहेत, आणि ते मुख्यतः आनुवंशिक टकलासाठी आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. अमेरिकेत 1979 मध्ये त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि 1988 मध्ये तेच औषध डोक्याला लावण्याच्या द्रावणाच्या रूपात आले. त्वचेतील एका विकराने त्याचे रूपांतर केल्यावरच ते काम करते. तो विकर काहींत कमी असतो, म्हणून सर्वांना सारखा गुण येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते आणि फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. लावणे थांबवले की मिळवलेले काही महिन्यांत ओसरते. हा अखेरचा मुद्दा गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितला जातो.

फिनास्टेराइडची कथा डॉमिनिकन रिपब्लिकमधील एका खेड्यात सुरू होते. तेथील काही मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारा विकर जन्मतःच दुर्बळ होता. प्रौढपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि टक्कल पडले नाही. हे निरीक्षण 1974 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या विकराला रोखणारे औषध 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी आणि 1997 मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाले. गर्भवतीने ते घेऊ नये. 2025 मध्ये युरोपीय औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. पीआरपीबाबत काही अभ्यास आशादायक आहेत, पण रक्त किती फिरवायचे, किती टोचायचे, किती वेळा, याची पद्धत प्रत्येकाची निराळी. लेझरच्या कंगव्यामागे हंगेरीतील एन्द्रे मेस्टर यांना 1967 च्या सुमारास उंदरांवर दिसलेली केसवाढ आहे. अमेरिकेत 2007 मध्ये अशा कंगव्याला विक्रीची परवानगी मिळाली, पण तेथे उपकरणाची परवानगी औषधाच्या मान्यतेइतक्या कडक पुराव्यावर मिळत नाही.

आणि कधीकधी उपचार क्लिनिकमध्ये नसतोच. भिलाईहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग शेगावावरून जातो. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात याच शेगाव परिसरातील, बुलढाणा जिल्ह्यातील गावांत माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून डोकी उघडी पडली. अठरा गावांतील 279 जणांची नोंद झाली. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी बुरशीला. लाजेने मुले शाळा-महाविद्यालयात जाईनात. इथे निदानाचा धागा वेळेत होता: डेंग्यूनंतरची गळती महिन्यांनी येते, ही दिवसांत आली. म्हणजे केस विश्रांतीला गेले नव्हते, वाढत असतानाच तुटले होते. हे विषबाधेचे लक्षण. विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी शोध घेतला. (विंचूदंशावर त्यांनी रूढ केलेले प्राझोसिन हेही रक्तदाबाचेच औषध.) रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम बेसुमार वाढलेले, आणि रेशनच्या गव्हात ते किलोमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम, असे त्यांनी मांडले. दिवसाला तीनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात त्या हिशेबाने चार मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम जाते; प्रौढासाठी सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा 0.4 मिलिग्रॅम आहे. तो गहू खाणे थांबल्यावर पाच-सहा आठवड्यांत काहींचे केस पुन्हा येऊ लागले. त्यासाठी ना इंजेक्शन लागले, ना लेझर. मात्र बाजारातून दुसरा गहू विकत घेण्याची ऐपत लागली, आणि रेशनवर जगणाऱ्या घराकडे ती नसते.

केस वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत हेच सेलेनियम असते. अल्प प्रमाणात ते आवश्यक आहे. पण 2008 मध्ये अमेरिकेत एका पूरक द्रवात चुकून लेबलवरील मात्रेच्या दोनशे पट सेलेनियम गेले आणि 201 जणांना विषबाधा झाली, त्यांतील बहुतेकांचे केस गळले. त्याच गोळ्यांतील बायोटिनचीही वेगळी अडचण आहे. त्याची कमतरता क्वचितच आढळते, आणि मोठी मात्रा घेतल्यास थायरॉइडच्या, तसेच हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. केसगळतीचे कारण शोधताना डॉक्टर प्रथम थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठाच तपासायला सांगतात. रक्त देण्यापूर्वी अशा गोळ्या चालू असल्याचे प्रयोगशाळेत सांगावे, आणि गेल्या चार महिन्यांत कधी ताप आला होता, हे डॉक्टरांना तारखेसह सांगावे.