एका जावाची बिल्टी

मोटारसायकल रेल्वेने पाठवायची असेल तर आपल्याकडे तिचे फारसे लाड होत नाहीत. टाकीतले पेट्रोल काढून टाकायचे, अंगाभोवती पेंढा लावायचा, वरून गोणपाट शिवायचे आणि ज्या स्थानकावर उतरायची त्याचे नाव काळ्या रंगाने ठसठशीत लिहायचे. पार्सल कचेरीबाहेर बसलेली माणसे हे काम बघता बघता उरकतात. त्यांचा हात बसलेला असतो, आणि नव्या गाडीला तो पुरतो. आरसा फुटला, पायदान वाकले, तर दुसरे मिळते. 1963 साली म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या जावाचे तसे नाही.

दिल्लीत स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांना अशी जावा कोल्हापूरला, पुतण्याकडे पाठवायची होती. गाडी मूळची त्यांच्या वडिलांची. वडील गडहिंग्लज भागात गुरांचे डॉक्टर होते आणि आजऱ्याच्या पावसात, लाल चिखलात, ती त्यांनी बारा-पंधरा वर्षे चालविली. पुढे ती मुलाबरोबर दिल्लीस आली. 2014 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांवरील वाहनांना राजधानीचे रस्ते बंद केले, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली, आणि जावा जिन्याखाली जाऊन बसली. पन्नास वर्षांवरील वाहनांची वेगळी नोंद करण्याची सोय 2021 च्या नियमांनी झाली खरी. पण तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शनाला न्यावी आणि परत आणून झाकून ठेवावी. प्राध्यापकांना हे मानवणारे नव्हते. शिवाय गुडघ्यांनी किक मारण्याचे कधीच नाकारले होते.

या गाडीची किक हा एक स्वतंत्र विषय आहे. गियर बदलण्याचा आणि किक मारण्याचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होतो, खाली आणला की पुन्हा गियर. एकाच धातूतून दोन अर्थ निघावेत तसे हे आहे. गाडीचे नावही असेच जोडाक्षरी. यानेचेक हा प्राग येथील कारखानदार आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 1929 मध्ये ‘जावा’ झाले. म्हैसुरात इराणी मंडळींनी 1961 पासून ती बनविली, नंतर तिला येझ्दी हे नाव दिले आणि 1996 साली कारखाना बंद पडला.

पुतण्याचा सल्ला व्यवहारी होता. “काका, नुसतं इंजिन अन् टाकी पाठवा. बाकी सांगाडा इथं उभा करतो.” काकांनी तो मानला नाही. त्यांनी सुतार बोलाविला.

तळाला दोन जाड तुळया आणि त्यांवर फळ्या, असा पाट आधी झाला. पुढचे चाक काढून गाडीचा पुढचा आस लाकडी ठोकळ्यांत बसविला आणि ठोकळे पाटाला बोल्टांनी आवळले. पट्टे हँडलला बांधले नाहीत, सांगाड्याला बांधले. पुढच्या स्प्रिंगा निम्म्यापर्यंतच दाबल्या. पूर्ण दाबून आठ-दहा दिवस ठेवल्या तर तेल अडविणारी रबरी कडी निकामी होतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले, इंजिन हाताने दोन वेळा फिरविले, प्लग परत बसविला. क्रोमवर ग्रीसचा पातळ हात. बॅटरी काढलीच. मग चारी बाजूंनी पट्ट्या आणि वर झाकण. (हीच पेटी समुद्रापार जायची असती तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवून त्यावर तसा शिक्का घ्यावा लागला असता, किडीच्या भीतीने. दिल्लीहून कोल्हापूरला जाणाऱ्या किडीची चिंता कोणी करीत नाही.) काम संपल्यावर सुतार दोन पावले मागे सरला आणि म्हणाला, “बाबूजी, ये तो ताबूत बन गया.” प्राध्यापक हसले नाहीत.

खरा तंटा लाकडाचा नव्हता, रंगाचा होता. टाकीच्या माथ्यावर तळहाताएवढ्या जागेत मरून रंग उडून पत्रा दिसत होता. तिथे वडिलांची औषधांची पत्र्याची पेटी बांधलेली असे. पुतण्याने रंगारी आधीच ठरविला होता; गाडी नवीकोरी करायची ही त्याची हौस, आणि आजोबांवरचे प्रेमही त्याच वाटेने जाणारे. काकांचे आयुष्य पोथ्यांचे पाठभेद लावण्यात गेलेले. लेखनिकाची चूकसुद्धा खोडायची नाही, तळटीपेत न्यायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी पेटीत एक वही ठेवली: कोणता भाग मूळचा, कोणता कोणत्या साली बदलला, मूळचा चेक कार्बोरेटर कोणत्या वर्षी गेला. ‘प्रक्षिप्त’ हा शब्द त्यांनी तीन ठिकाणी वापरला आहे. टाकीपुढे मात्र एवढेच लिहिले, ‘हे आण्णांचे. रंग देऊ नये.’

या हट्टात थोडा अन्याय आहे, हे म्हटलेच पाहिजे. पोथी वाचली जाते, तिला गंज चढत नाही. उघड्या पत्र्यावर कोल्हापूरचा एक पावसाळा पुरेसा होतो. जे जपायचे तेच न झाकल्याने नाहीसे व्हावे, असा हा पेच होता; आणि गाडी दिल्लीच्या कोरड्या जिन्याखाली असेपर्यंत तो कोणाला दिसला नव्हता.

ना-हरकत प्रमाणपत्राला सहा आठवडे लागले. नोंदणी पुतण्याच्या नावावर करण्याच्या कागदांवर प्राध्यापकांनी सह्या केल्या, ट्रकवाल्याची बिल्टी घेतली, आणि चार हमालांनी पेटी फळीवरून वर सरकविली. दीड हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन ती अकराव्या दिवशी पोचली. एक पट्टी तडकली होती. आत काही हलले नव्हते.

पुतण्याचा फोन रात्री आला. चाक बसले, प्लग साफ केला, सातव्या किकेला गाडी बोलली. तेल किती मिसळायचे ते त्याने विचारले, काकांनी सांगितले. मग थोडे थांबून तो म्हणाला, “रंगारी येऊन गेला, काका. वही वाचली मी. त्याला म्हटलं, दिवाळीनंतर बघू.”

“टाकीवर तेलाचा बोळा फिरवीत जा,” काका म्हणाले. “पावसात रोज.”