कराड ते दाभोळ : अब्बा आणि नकाशाचे यंत्र

माझा धाकटा भाऊ शारजाला नोकरीला आहे. २०१३ च्या रमजान ईदला तो घरी आला तेव्हा खजूर, अत्तर आणि मुलांच्या चॉकलेटांबरोबर त्याने तळहाताएवढे एक यंत्र आणले. गाडीच्या काचेला रबरी वाटीने चिकटवायचे, सिगारेट लायटरच्या जागी वायर खुपसायची, जायचे ठिकाण लिहायचे, की आतली बाई इंग्रजीत डावे-उजवे सांगत नेऊन सोडते. जीपीएस नॅव्हिगेटर म्हणतात त्याला. "आपा, आता तुला पानपट्टीवर काच खाली करून रस्ता विचारायला नको," भाऊ म्हणाला. मी गाडी शिकले वयाच्या अडतिसाव्या वर्षी. कराडबाहेर एकटीने गाडी काढायची म्हणजे माझ्या पोटात गोळा येत असे, हे त्याला ठाऊक होते.

पण यंत्र आणण्यामागे त्याचा आणखी एक हेतू होता. तो त्याने रात्री सगळे झोपल्यावर सांगितला. त्याच रमजानमध्ये एकदा तरावीहनंतर अब्बा घरी आले नव्हते. मशीद आमच्यापासून चार गल्ल्यांवर. सगळे नमाजी परतले, अकरा वाजले, तेव्हा एका दुकानातला मुलगा त्यांचा हात धरून घेऊन आला. अब्बा बसस्टँडच्या बाजूला उभे होते आणि घर कुठल्या गल्लीत ते त्यांना आठवत नव्हते. ज्या माणसाने बत्तीस वर्षे एस.टी. चालवली, कुंभार्ली घाट रात्रीच्या धुक्यात उतरवला, त्याला चार गल्ल्या सापडेनात. घरात कुणी त्यावर बोलले नाही. भावाला फोनवर मीच सांगितले होते. त्याची कल्पना अशी की यंत्र अब्बांच्या खिशात ठेवावे, म्हणजे ते कुठे आहेत ते आपल्याला कळेल.

मी शिक्षिका. पुस्तिका वाचल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही ही खोड. दोन रात्री बसून वाचली आणि भावाला सांगावे लागले, की हे होणार नाही. हे यंत्र फक्त ऐकते, बोलत नाही. आपल्यापासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर या जीपीएसचे तीसएक उपग्रह फिरत असतात. प्रत्येक जण आपण कुठे आहोत आणि आपल्या घड्याळात किती वाजले, एवढेच सतत सांगत असतो. वीज चमकली की आपण गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली याचा अंदाज करतो ना, तसेच यंत्र करते. निरोप यायला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब ते काढते. असे चार उपग्रह ऐकू आले की जमिनीवरची जागा ठरते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा तीनशे मीटरने चुकते. म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात. अमेरिकेच्या लष्कराने उभी केलेली ही व्यवस्था. साध्या लोकांना मिळणाऱ्या संकेतात ते मुद्दाम चूक मिसळत असत, ते मे २००० मध्ये बंद केले. त्यानंतरच गाडीत लावण्याजोगी यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी झाली. त्याला भाडे नाही, सिमकार्ड नाही, कारण आपल्याकडून काही जातच नाही. अब्बा कुठे आहेत हे यंत्राला पक्के कळले असते, पण त्याने ते आम्हाला सांगितले नसते.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "ठेव तरी. तुझ्या गाडीला उपयोगी पडेल."

पहिल्या दिवशी ते उपयोगी पडेना. चालू केले तर स्वतःला शारजातच समजत होते. बंद असताना इतका लांबचा प्रवास झाला की उपग्रह नव्याने शोधायला त्याला वेळ लागतो. गच्चीवर, मोकळ्या आभाळाखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवावे लागले. मग बाण कराडला आला, पण बाणाभोवती सगळे कोरे. आत नकाशा आखाती देशांचा! भारताचा नकाशा कार्डावर वेगळा विकत घ्यावा लागला. आखातातून कुणी असे यंत्र आणणार असेल तर हे आधी विचारून घ्या; आमचे पैसे तिथेच गेले.

गावांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहायची, तीही एक गंमत. दापोलीत पी एक की दोन, दाभोळच्या शेवटी एल की काही वेगळे, यावर माझ्या नववीतल्या मुलीचे आणि माझे वाद. खेड लिहिले तर दोन खेड समोर आली, एक रत्नागिरी जिल्ह्यातले आणि दुसरे पुण्याजवळचे राजगुरुनगर. जिल्हा न बघता बोट ठेवले असते तर कोकणाऐवजी घाटावरच फिरत बसलो असतो.

डिसेंबरात सुट्टी लागली. अब्बा एकच मागणे धरून बसले होते: आईच्या कबरीवर जायचे. त्यांचे गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या अलीकडे-पलीकडे म्हणा, खाडीच्या बाजूला. आता तिथे आमचे कुणी राहत नाही. ह्यांना बँकेतून रजा मिळेना. "मी आहे ना रस्ता सांगायला," अब्बा म्हणाले. मी यंत्रही घेतले.

पाटण, कोयनानगर करत आम्ही कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलो. कोयनेला पोचताच अब्बांना ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवला. पहाटे गावाकडे भांडी कशी वाजली ते त्यांनी माझ्या मुलाला सांगितले, अगदी कुठल्या फळीवरून कुठला तांब्या पडला इथपर्यंत. घाटात यंत्राची बाई गोंधळली. एका बाजूला कडा, वरून झाडे, आभाळाची जेमतेम एक पट्टी. उपग्रह ऐकू कमी येतात, मग पडद्यावरची गाडी रस्ता सोडून दरीत फिरायला लागते. मुलगा हसत सुटला. माझे हात मात्र घामाने ओले. अब्बा पडद्याकडे बघतही नव्हते. "दुसऱ्यात टाक. चढायला जो गियर लागतो तोच उतरायला. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, तापतील." पुढच्या वळणाला काय आहे ते वळण येण्याआधी सांगत होते: "इथे पाणी झिरपतं, सावकाश. आता उलटं वळण, हॉर्न दे." पोफळीला उतरलो तेव्हा मला वाटले, ती तरावीहची रात्र आपल्यालाच स्वप्नात पडली असावी.

चिपळूणला चहा घेतला. यंत्र म्हणत होते, खेडवरून दापोलीला जा. अब्बा म्हणाले, गुहागरच्या रस्त्याला लागू, धोपाव्याहून गाडी फेरीबोटीत घालू आणि वाशिष्ठी ओलांडून दाभोळला उतरू. शाही मशिदीत दोन रकात पढून मग गावाला. आमच्या नकाशात ती फेरीबोट नव्हतीच. त्यामुळे गुहागरच्या रस्त्याला लागल्यापासून बाई एकसारखी सांगत राहिली, शक्य तिथे मागे वळा. शेवटी मी तिचा आवाज बंद केला.

शृंगारतळीला गाव ओलांडताना अब्बांनी "सरळ" म्हटले. मी सरळ गेले. बरेच अंतर गेल्यावर गुहागर जवळ आल्याची पाटी दिसली. धोपाव्याचा फाटा मागेच उजवीकडे राहिला होता. गाडी बाजूला घेतली. अब्बा समोर बघत होते. "हा रस्ता असा नव्हता," एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मुले मागे चिडीचूप. मी यंत्रात दापोली खोडून नुसते धोपावे लिहिले. नकाशा ताबडतोब मिळाला. आवाज सुरू केला नाही, पडद्यावर बघत परत फिरले आणि फाटा आल्यावर विचारले, "अब्बा, इथून डावीकडे ना?" ते म्हणाले, "हो, इथूनच." मी बरोबर केले की चूक, अजून ठरवता येत नाही. शाळेत मुलांना उत्तर आधी सांगून मग प्रश्न विचारू नये, असे मीच सांगत असते.

धक्क्यावर बोट पलीकडच्या काठाला होती. जोहर तिथेच पढून घ्यायचे ठरले. आम्ही शाफई, प्रवासात जोहर-असर जोडून पढण्याची मुभा आहे. मुलगा यंत्र घेऊन किब्ला दाखवायला धावला, तर बाण वाटेल तिकडे फिरू लागला. अशा गाडीच्या यंत्रात बहुधा होकायंत्र नसते. आपण सरकतो तेव्हा आधीची जागा आणि आताची जागा यावरून ते दिशा ओळखते. थांबलेल्या माणसाचे तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. मुलगा दहा पावले चालला तेव्हा बाण ठिकाणावर आला. कोकणातून किब्ला नेमका पश्चिमेला नाही, दहाएक अंश उत्तरेकडे कललेला आहे. अब्बा म्हणाले, "थंडीत सूर्य डावीकडे बुडतो, त्याच्या बराच उजव्या अंगाला उभं राहायचं." मी नंतर कागदावर मांडून बघितले. डिसेंबरात मावळतीचा सूर्य आणि किब्ला यांत पस्तीसेक अंशांचे अंतर पडते. हजार वर्षांपूर्वी अल-बेरुनीने गझनीचा किब्ला काढण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर अख्खे पुस्तक लिहिले, ते १०२५ मध्ये पुरे केले. मी ते मुलांना सांगायला लागले, पण तेवढ्यात बोट आली.

गाडी बोटीत चढवणे हा माझ्या आयुष्यातला मोठा पराक्रम समजावा. पलीकडे जायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. खेड-चिपळूणवरून वळसा घातला तर शंभरावर किलोमीटर पडतात. पडद्यावर आमची गाडी निळ्या पाण्यात उभी, आजूबाजूला एकही रस्ता नाही. अब्बा पहिल्यांदा त्या पडद्याकडे बघून हसले. "बिचारीला पोहता येत नाही," म्हणाले.

दाभोळचे बंदर कधीकाळी केवढे होते, हे आताच्या शांत वाडीकडे बघून खरे वाटत नाही. बहामनी आणि आदिलशाही काळात इथून जहाजे हुर्मुझ-अरबस्तानला जात, हाजी जात. पंधराव्या शतकात आलेला रशियन प्रवासी निकितीन परतताना इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. शाही मशीद त्यानंतरची, सतराव्या शतकातली, दगडी, घुमट आणि मिनारांची. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, तिला जहाज मिळाले नाही, म्हणून सोबतच्या पैशांतून तिने ही बांधली, असे तिथे सांगतात. अब्बा बराच वेळ आत बसून होते.

गावाला पोचेपर्यंत उन्हे कलली. कब्रस्तानापर्यंत यंत्राने आणले नाही. ते नकाशात नव्हतेच. एका शेजारणीच्या नातवाने वाट दाखवली. दादीची कबर कच्ची, दगड नाही. अब्बांची खूण होती ती एका जुन्या आंब्याची. आंबा तोडलेला. बुंध्याचीही जागा झाडीत सापडेना. अब्बा दोन उंचवट्यांच्या मध्ये उभे राहिले. एकदा या बाजूला वळले, एकदा त्या. मी काही बोलले नाही. मग त्यांनी तिथेच, मध्येच, हात उचलून दुआ मागितली. म्हणाले, "दुसरी असेल ती कुणाची तरी आईच असेल."

मुलीला वाटले, आपण ही जागा यंत्रात साठवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी शोधायला नको. तिने 'दादी' असे नाव दिले. अचूकता बघायची सोय त्यात होती. आकडा आला पाच मीटर. मी आजूबाजूला मोजले. आपण उभे असलेल्या जागेपासून चहू बाजूंना पाच मीटर, म्हणजे दहा-बारा कबरी सहज आल्या. पुढच्या वेळी आलो तर तेवढ्यातच शोधायचे.

परत येताना सरळ खेडवरून आलो. अंधार पडला होता, मुले झोपली होती. चिपळूण सोडल्यावर अब्बांनी विचारले, "यात घराचं चित्र आहे ते कशाला?" मी सांगितले, त्यावर बोट ठेवले की कुठेही असा, घरी कसे जायचे ते सांगते, पायी चालणाऱ्यालाही. बॅटरी दोन-अडीच तास टिकते. हे सांगताना मी रस्त्यावरची नजर काढली नाही. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"घर म्हणून कुठलं टाकलंय? कराडचं?"

"हो अब्बा, कराडचं."

त्यांनी चित्रावर बोट ठेवले. बाईने सांगितले, सरळ चला. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला, आणि अब्बा म्हणाले, "आता दुसऱ्यात टाक."