मैफलीचा पोशाख

लग्नाला काय घालावे हे आपल्याकडे ठरलेले आहे. मुंजीला, सत्यनारायणाला काय घालावे हेही ठरलेले आहे. पण गाण्याला जाताना काय घालावे हा प्रश्न मात्र दर वर्षी नव्याने उभा राहतो. आमच्या घरात तर तो डिसेंबर लागला की सगळी कपाटे उघडूनच उभा राहतो.

आम्ही राहतो लोणी काळभोरला आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो पुण्यात. मध्ये सोलापूर रस्ता, त्यावरची गर्दी, आणि परतताना मळ्यांवरून येणारा तो बोचरा वारा! सौ.चे म्हणणे असे की, गाणारे जर जरीकाठी वस्त्रे लेवून येतात, तर ऐकणाऱ्यांनी निदान रेशमी तरी नेसावे. कन्येचे मत याच्या अगदी उलट. इथल्याच विद्यापीठात ती शिकते आणि तिथल्या गाण्याच्या कार्यक्रमांना गुडघ्यावर फाटलेली विजार घालून जाते. ती विजार फाटलेलीच विकत मिळते, हे मला बरेच दिवस खरे वाटत नव्हते. "बाबा, गाणं कानांनी ऐकायचं असतं," असे ती मला बजावते.

पण महाराष्ट्राने ते एके काळी डोळ्यांनीही ऐकलेले आहे. बालगंधर्व रंगभूमीवर शालू नेसून गात, तेव्हा प्रेक्षकांतल्या बायका सुरांबरोबर पदराची चुणीही मनात टिपून घेत. नेसण्याची ती तऱ्हा, केसांतली ती फुले पुढे घराघरांत दिसू लागली. एका पुरुषाने बायकांना नटावे कसे ते शिकवावे, आणि त्यांनी ते हौसेने शिकावे, हा चमत्कार संगीत नाटकानेच करावा!

सवाईचा पोशाख मात्र थंडीने ठरवला. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी तो वाढवला. रमणबागेच्या पटांगणात रात्र रात्र गाणे चाले. उघड्यावर बसून पहाटेचा राग ऐकायचा, तर शालूपेक्षा शालीचा उपयोग अधिक. पुढे रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवर बंधने आली, जागरणे संपली. २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरला गेला. शाल, स्वेटर आणि मफलर मात्र रसिकांबरोबर तिकडेही गेले.

शिवाय भारतीय बैठकीचे स्वतःचे काही नियम आहेत. ज्या कपड्यांत तीन तास मांडी घालता येत नाही, ते कपडे गाण्याचे नव्हेत. नवे कोरे रेशीम आलापात सळसळते. हातावर ताल धरला की काकणे वाजतात, आणि ती समेवरच वाजतील असे नाही. म्हणून आमची सौ. जुनी, धुऊन मऊ झालेली साडी काढते. रेशमाचा तिचा हट्ट राहतो, आणि शेजाऱ्यांचे गाणेही.

गेल्या वर्षी खरा प्रश्न आला तो अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याऐंशी. रमणबागेतल्या कितीतरी रात्री त्यांनी जागून काढल्या आहेत. ते एकाएकी म्हणाले, "यंदा तुम्ही जा. मी नाही येत." कारण काही केल्या सांगेनात. शेवटी नातीने ते काढून घेतले. अप्पांना आता कानाचे यंत्र आहे. कानटोपी घातली की लोकर त्यावर दाबली जाते आणि यंत्र शिट्टी घालते. "कुणी तानपुरा जुळवत असेल आणि माझ्या कानातून शिट्टी निघाली तर? चार माणसं वळून बघतील." टोपी काढावी तर छातीचे दुखणे; डॉक्टरांनी गारठा वर्ज्य सांगितलेला.

मग घरातल्या दोन्ही पक्षांनी आपापली भांडणे बाजूला ठेवली. आत दोन बंड्या, वर स्वेटर, त्यावर जुना लोकरी कोट. पायांत जाड मोजे. मफलर कानाखालून गळ्याभोवती. आणि डोक्याला गांधीटोपी, कारण ती डोके झाकते, पण कान मोकळे सोडते! अप्पांना असे सजवून आम्ही रेडिओपुढे अर्धा तास बसवले. यंत्र गप्प राहिले. "कान गार पडले तरी चालतील," अप्पा म्हणाले, "बंद पडता कामा नयेत."

मंडपात त्यांना सगळे ऐकू आले असे मी म्हणणार नाही. ती यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून केलेली. त्यांतून सूर किंचित पत्र्यासारखे येतात, असे तेच सांगतात. पण मध्येच त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला आणि बरोबर समेवर पडला. परतताना गाडीत एवढेच म्हणाले, "षड्ज मिळाला."

आमच्या गावी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. चिखलाने भरलेली धोतरे, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, आणि मुखी अभंग. तिथे कुणी कुणाचे कपडे पाहत नाही. पण ते कपडे नीट पाहिले तर कळते, की पाऊस, वाट आणि नाम तिन्ही निभावतील असेच ते आहेत. मैफलीचेही तेच. ऐकण्याच्या आड जे येत नाही, ते वस्त्र शोभते.

यंदाची दिवाळी आली आहे. अप्पांनी कोट उन्हात घालायला सुरुवात केली आहे. कन्येने त्यांच्या गांधीटोपीला स्वतः इस्त्री केली. तिची विजार मात्र अजून फाटकीच आहे. पण तिच्यात मांडी उत्तम घालता येते, असा निर्वाळा खुद्द अप्पांनीच दिला आहे.